मायट्रल झडप दुरुस्त झाल्यावर हृदयाचे कप्पे कसे आवरत जातात

ऑपरेशननंतर घरी सोडण्याआधी एक इको होतो. त्याचा रिपोर्ट हातात पडला की घरची माणसं सगळ्यात आधी एकच आकडा शोधतात: ईएफ, म्हणजे भरलेल्या खालच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा. दाखल होताना तो ६४ टक्के होता, आता ५० टक्के आहे. झडपेसमोर ‘लीक नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, सर्जननी दुरुस्ती छान झाल्याचं सांगितलेलं असतं, आणि तरी पंपिंग उतरलेलं. इकोच्या खोलीत हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारतात की उत्तर तोंडपाठ व्हायला हवं होतं. पण ते दोन वाक्यांत मावत नाही. त्यात ऑपरेशनच्या आधीची काही वर्षं येतात आणि नंतरचं निदान एक वर्ष येतं.

आधीची वर्षं अशी. डाव्या बाजूचा वरचा कप्पा फुप्फुसांकडून आलेलं रक्त घेतो, खालचा कप्पा ते महारोहिणीत ढकलतो, आणि दोघांच्या मध्ये मायट्रल झडप असते. रिपोर्टात वरच्याला एलए आणि खालच्याला एलव्ही म्हणतात, इथेही तेच शब्द वापरतो. झडपेला दोन पाकळ्या. मागच्या पाकळीचे तीन भाग मानतात, पी-१, पी-२, पी-३, आणि दोरी तुटण्याचा किंवा पाकळी वर उलटण्याचा सगळ्यात नेहमीचा भाग म्हणजे मधला पी-२. पाकळ्यांच्या कडा खाली बारीक दोऱ्यांनी बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्या एलव्हीच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या दोन खुंटांना अडकवलेल्या असतात. म्हणजे झडप ही नुसती दारासारखी गोष्ट नाही, ती खालच्या कप्प्याच्या भिंतीशी बांधलेली आहे. पुढचं बरंच काही या बांधणीमुळे घडतं.

झडप गळू लागली की प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त वर परत जातं आणि पुढच्या ठोक्याला नव्या रक्ताबरोबर पुन्हा खाली येतं. एलव्हीला नेहमीपेक्षा जास्त रक्त सामावावं लागतं. तिचे स्नायुतंतू लांबीने वाढतात, कप्पा मोठा होतो, आणि निमुळत्या आकाराऐवजी चेंडूसारखा गोल होत जातो. वरचा कप्पाही फुगतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि पेशंटला बहुधा काहीच जाणवत नाही. जिना चढताना दम लागतो तो ‘वय झालं’ या खात्यात जातो.

या काळात ईएफ फसवतो. एलव्हीला रक्त बाहेर टाकायला दोन वाटा असतात. एक महारोहिणीची, जिथे जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. दुसरी गळक्या झडपेची, जिथे दाब कमी. अर्धं काम सोप्या वाटेने होत असल्यामुळे कप्पा जोरात रिकामा होताना दिसतो आणि आकडा चांगला येतो. म्हणून तीव्र मायट्रल गळतीत ६० टक्के हा आकडा ‘नॉर्मल’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. तिथे तो धोक्याची रेघ आहे. दुसरी रेघ म्हणजे आकुंचनाच्या शेवटी एलव्हीचा व्यास ४० मिमी होणं. यातली एक जरी ओलांडली, तरी त्रास नसतानाही ऑपरेशनचा सल्ला देतात. आमचं मत विचाराल तर रेघेला पाय लागेपर्यंत थांबायचीही गरज नाही. दुरुस्ती नक्की जमेल असा सर्जन आणि तशी पाकळी असेल, तर आधी केलेलं ऑपरेशन कप्प्यांना परत आवरायला जास्त जागा देतं.

आता ६४ चे ५० कसे झाले ते. गणित मुद्दाम सोप्या आकड्यांत मांडतो. समजा ऑपरेशनआधी एलव्ही पूर्ण भरल्यावर तिच्यात १८० मिलि रक्त मावतं आणि ठोका संपल्यावर ६५ मिलि उरतं. म्हणजे बाहेर गेलं ११५ मिलि. १८० पैकी ११५, ईएफ ६४ टक्के. पण त्या ११५ पैकी ६० मिलि वर परत गेलं. शरीराला मिळालं फक्त ५५. झडप दुरुस्त झाली. परत येणारं रक्त बंद झालं, म्हणून भरल्यावरचा आकार लगेच, काही दिवसांतच, १३० मिलिपर्यंत उतरतो. ठोक्यानंतर उरणारं रक्त मात्र सुरुवातीला फारसं हलत नाही, ते ६५ च राहतं. १३० वजा ६५ म्हणजे ६५, ईएफ बरोबर ५० टक्के. टक्का घसरला, पण शरीराला मिळणारं रक्त ५५ वरून ६५ मिलि झालं. पेशंटचे हातपाय गरम लागतात, लघवी नीट होते, आणि रिपोर्ट मात्र ‘कमी पंपिंग’ म्हणतो. दोन्ही खरं आहे.

पुढच्या सहा ते बारा महिन्यांत दुसरा भाग घडतो. ठोक्यानंतर उरणारं रक्त हळूहळू कमी होतं. भरल्यावर ११५ आणि उरलेलं ४८, असं झालं की ईएफ ५८ वर येतो. हा भाग स्नायूंच्या तब्येतीवर ठरतो. पहिली घसरण जवळजवळ सगळ्यांना होते, ती फक्त हिशेबाची आहे. दुसरी चढण सगळ्यांना मिळत नाही. ज्यांची एलव्ही फार उशीर होईपर्यंत ताणलेली राहिली, ज्यांच्या भिंतीत चिवट तंतू भरले, त्यांचा आकडा ५० च्या आसपास किंवा खाली अडकून बसतो. ऑपरेशनआधी ईएफ ६० च्या खाली गेलेला असेल, तर हा धोका आधीच सांगून ठेवतो. एमआरआयमध्ये स्नायूत डाग दिसले किंवा इकोत लांबीच्या दिशेचं आकुंचन, म्हणजे स्ट्रेन, ईएफ चांगला असतानाही कमी आलं, तर तीही पूर्वसूचना समजतो.

थिएटरपासून सुरुवात करू, कारण कप्प्यांचं बदलणं तिथेच सुरू होतं. पी-२ उलटलेला असेल तर सर्जन एकतर त्याचा त्रिकोणी तुकडा कापून कडा शिवतात, नाहीतर पाकळी तशीच ठेवून गोरटेक्सच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, नव्या दोऱ्या खुंटाला बांधतात. मग झडपेच्या घेराला रिंग बसवतात. दुरुस्तीची ही शिस्त पॅरिसच्या आलाँ कार्पांतिए यांनी घातली. १९८३ च्या त्यांच्या लेखापासून पाकळी जास्त हलते, कमी हलते की नॉर्मल हलते यावरून गळतीचे प्रकार पाडायची पद्धत जगभर रुळली, आणि आमच्या रिपोर्टातली भाषाही तीच आहे. रिंग साधारण २८ ते ३६ मिमीच्या मापांत येते. मग एलव्हीत सलाईन भरून झडप बंद होते का ते बघतात. पाकळ्या एकमेकींना निदान ८ मिमी उंचीवर टेकाव्यात, ही अपेक्षा. नुसत्या कडेला कड लागली तर ती दुरुस्ती टिकत नाही.

खरी परीक्षा पंपावरून, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रावरून, उतरल्यावर. अन्ननलिकेतून घातलेल्या प्रोबने, म्हणजे टीईईने, झडप बघतो. इथे घाई करायची नाही. भूल आणि पंप यामुळे बीपी ९० असेल तर गळती नेहमीच लहान दिसते. भूलतज्ज्ञांना सांगून वरचा बीपी १२० ते १४० वर आणायचा आणि मग चित्रात गळतीच्या झोताचा रंग बघायचा. किंचित गळतीपेक्षा जास्त काही दिसलं तर पुन्हा पंपावर जाऊन दुरुस्ती सुधारणं हे आजच्या दिवसाचं दुःख आहे. ते टाळलं तर पेशंट वर्षाने त्याच तक्रारीने परत येतो, आणि दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

याच वेळी एक वेगळाच घोटाळा दिसू शकतो, आणि तो कप्पा लहान झाल्यामुळेच होतो. एलव्ही अचानक आटोपशीर झालेली, भिंती जोरात आकुंचन पावताहेत, मागची पाकळी उंच उरलेली आणि रिंग जरा लहान. अशा वेळी पुढची पाकळी आकुंचनाच्या वेळी ओढली जाऊन महारोहिणीकडे जाणाऱ्या वाटेत येते. तिला आम्ही सॅम म्हणतो. वाट अडते, बीपी पडतो, आणि झडपही गळू लागते. सवयीने कोणी हृदयाला जोर देणारी औषधं वाढवली तर सगळं आणखी बिघडतं. करायचं असतं उलट: जोर देणारी औषधं बंद, रक्तवाहिनीतून द्रव भरा, बीपी वाहिन्या आवळणाऱ्या औषधाने वर आणा, ठोके हळू करा. कप्पा भरला, पोकळी रुंद झाली, की बहुतेकदा पाकळी आपल्या जागी जाते. नाही गेली तर मागच्या पाकळीची उंची कमी करावी लागते. म्हणूनच ऑपरेशनआधीच्या टीईईत मागच्या पाकळीची उंची १५ मिमीपेक्षा जास्त आहे का, आणि पाकळ्या टेकतात त्या जागेपासून मधल्या पडद्याचं अंतर २५ मिमीपेक्षा कमी आहे का, हे दोन आकडे सर्जनना आधी देतो. सॅमकडे झुकलेल्या पेशंटला घरी गेल्यावर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा भडिमार सोसत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी चक्कर येते.

आयसीयूतले पहिले दिवस इकोसाठी वाईट. ड्रेनच्या नळ्या, पट्ट्या, डाव्या कुशीवर वळता न येणारा पेशंट. छातीवरून खिडकी मिळत नाही, म्हणून बरगड्यांखालून बघतो. या दिवसांत आकड्यांच्या मागे लागत नाही. तीन गोष्टी बघतो: झडप गळते का, हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचलंय का, उजवा कप्पा कसा हलतो. हृदयाभोवतीचं रक्त इथे फसवं असतं. ते सगळीकडे सारखं पसरत नाही. गाठ होऊन एखाद्या कप्प्यामागे, बऱ्याचदा उजव्या किंवा डाव्या वरच्या कप्प्यामागे बसते आणि नेमका तोच दाबते. छातीवरून केलेला इको स्वच्छ दिसला आणि तरी बीपी पडतोय, लघवी कमी होतेय, तर टीईई किंवा सीटी करायचा. हा धोका घरी गेल्यावरही संपत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी साचून पेशंट दम, थकवा, मळमळ अशी तक्रार घेऊन येतो, आणि ती ‘अशक्तपणा’ म्हणून घरीच दाबली जाते. असं करू नये.

आणखी एक गोष्ट घरच्यांना घाबरवते. रिपोर्टात लिहिलेलं असतं, ‘मधल्या पडद्याची हालचाल असामान्य’. हार्ट अटॅक येऊन गेला का, असा फोन येतो. नाही. हृदयाचं वेष्टन उघडलं की हृदय छातीच्या आत सैल होतं आणि आकुंचनाच्या वेळी पूर्णच पुढे सरकतं. त्यामुळे मधला पडदा उलट्या दिशेने गेल्यासारखा दिसतो. जाडी नीट वाढत असेल तर स्नायू ठीक आहे. तीच गोष्ट उजव्या खालच्या कप्प्याची. त्याचं लांबीच्या दिशेचं सरकणं, टॅप्से, ऑपरेशनआधी २२ मिमी असतं आणि नंतर १३ येतं. १७ च्या खाली म्हणजे कमी, असं पुस्तक म्हणतं. पण छाती उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ही घट बहुतेकांना होते आणि कप्पा आडव्या दिशेने पिळून काम भागवतो. म्हणून टॅप्सेवरून एकट्याने उजवं हृदय ‘फेल’ ठरवू नये. कप्प्याचं एकूण क्षेत्रफळ किती बदलतं आणि शिरा फुगल्या आहेत का, ते बघावं.

या पडद्याच्या हालचालीचा एक व्यवहारी परिणाम आहे आणि त्यात चुका फार होतात. काही ठिकाणी अजूनही ईएफ दोन भिंतींमधल्या एका रेषेवरून, एम-मोडने काढतात. पडदा उलटा हलत असेल तर ती रेषा साफ खोटं बोलते. ४० टक्के लिहून येतं आणि प्रत्यक्षात ५३ असतं. झडपेच्या ऑपरेशननंतर चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या चित्रात कड आखून, बायप्लेन सिम्पसन पद्धतीनेच ईएफ काढावा. चित्र घेताना एलव्हीचं टोक कापलं जाऊ नये. प्रोब एक फासळी वर राहिला तरी कप्पा आखूड आणि गोल दिसतो, आणि मग ‘कप्पा लहान झाला’ असं खोटं समाधान मिळतं. टोक हलताना, आत येताना दिसलं तर चित्र चुकलेलं आहे, कारण खरं टोक जवळजवळ जागचं हलत नाही. प्रोब खाली आणि बाहेर सरकवायचा. त्या दिवशीचा बीपी आणि ठोके रिपोर्टवर लिहायचे. बीपी १६० असताना काढलेला आणि ११० असताना काढलेला आकडा एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. ईएफमधला ५ टक्क्यांचा आणि व्यासातला २-३ मिमीचा फरक हा मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकतो. त्यावरून आनंद किंवा चिंता करू नये.

वरच्या कप्प्याची चाल निराळी. त्याच्यातला दाब ऑपरेशनच्या टेबलवरच उतरतो. गळतीच्या झोताबरोबर फुप्फुसांच्या शिरांमध्ये रक्त उलटं जात असतं, ते पंपावरून उतरल्या उतरल्या सरळ वाहू लागतं. टीईईवर हे दृश्य बघायला मिळतं: आधी आकुंचनाच्या वेळी रेषेखाली जाणारी लाट, अर्ध्या दिवसाने तीच रेषेवर. आकार मात्र दाबासारखा झटकन उतरत नाही. पहिल्या काही महिन्यांत बराचसा कमी होतो, मग संथ. आणि तो नॉर्मलला पोचेलच असं नाही.

एलएचा व्यास नको, आकारमान मोजा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. एलए सगळीकडे सारखा फुगत नाही. झडप उघडण्याच्या अगदी आधीच्या फ्रेमवर थांबायचं, दोन चित्रांत क्षेत्रफळं आखायची, कडेची कानासारखी पिशवी आणि फुप्फुसांच्या शिरा बाहेर ठेवायच्या. दोन्ही क्षेत्रफळांचा गुणाकार, गुणिले ०.८५, भागिले लांबी. समजा ३२ आणि ३० चौरस सेंमी, लांबी ६.८ सेंमी, तर १२० मिलि. शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर असेल तर त्याने भागून दर चौरस मीटरला ७५ मिलि. वरची नॉर्मल मर्यादा ३४. वर्षभराने तोच माणूस २२, २१ आणि ६ असे आकडे घेऊन आला तर साधारण ६५ मिलि, म्हणजे ४१. अजून मोठाच, पण जवळजवळ निम्मा झालेला. अशा रिपोर्टात फक्त ‘एलए वाढलेला’ लिहून थांबणं हा पेशंटवर अन्याय आहे. आधी किती होता तेही शेजारी लिहावं.

एलए किती आवरेल हे ठोक्यांच्या तालावरही ठरतं. ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ताल बिघडणं, एट्रिअल फिब्रिलेशन म्हणजे एएफ, फार नेहमीचं आहे, साधारण तिघांतल्या एकाला होतं. औषधांनी किंवा हलका शॉक देऊन ते बहुतेकदा सुटतं, आणि त्यामुळे कप्प्यांच्या आवरण्यात फारसं बिघडत नाही. पण ऑपरेशनच्या आधीपासून वर्षानुवर्षं एएफ असेल तर एलएच्या भिंतीत स्नायूंच्या जागी तंतू भरलेले असतात. तो कप्पा दाब गेला तरी ताणलेल्या रबरासारखा सैल राहतो. म्हणून अशा पेशंटना झडपेबरोबरच मेझ, म्हणजे बिघडलेल्या तालाच्या वाटा तोडणारी शस्त्रक्रिया, करतात आणि ती कानासारखी पिशवी बंद करतात. एएफमध्ये इको करताना एका ठोक्यावर मोजू नये. निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी.

उजव्या बाजूचं थोडक्यात. डावा एलए मोकळा झाला की फुप्फुसांतला दाब उतरतो. उजव्या झडपेच्या गळतीचा वेग सेकंदाला ३.६ मीटर होता तेव्हा हिशेब असा: वेगाचा वर्ग गुणिले चार म्हणजे ५२, त्यात हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब ८ मिळवला की फुप्फुसांतला दाब ६०. वेग २.६ झाला आणि श्वासाबरोबर ती शीर नीट मिटतेय म्हणून ३ धरले, तर ३०. उजव्या झडपेचा घेर ४० मिमी किंवा जास्त असेल तर डावीच्या ऑपरेशनमध्येच तिलाही रिंग घालून घ्यावी. डावी नीट झाली की उजवी आपोआप सुधारेल, या भरवशावर ती सोडली आणि काही वर्षांनी तीच गळायला लागली, असं बघितलेलं आहे.

सगळ्याच दुरुस्त्या अशा वागत नाहीत. वर सांगितलं ते दोरी तुटलेल्या किंवा पाकळी उलटलेल्या झडपेचं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा अजून येतात, तिशीतल्या बायका जास्त. तिथे पाकळ्या जाड, दोऱ्या आखडलेल्या, कोपरे चिकटलेले. कोपरे सोडवायचे, दोऱ्या चिरून मोकळ्या करायच्या, पाकळीवरची जाड साल काढायची, कमी पडली तर हृदयाच्याच वेष्टनाचा तुकडा जोडायचा. गळती थांबते, पण झडप थोडी अरुंद उरू शकते, आणि मग एलए हवा तसा उतरत नाही. तिथे सरासरी ग्रेडिअंट, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, बघतो. आरामात, ठोके ७० च्या घरात असताना ५ च्या आत असावा. ठोके ११० असताना ८ दिसला म्हणून घाबरू नये, ठोके उतरवून पुन्हा बघावा. या पेशंटचं दर २१ दिवसांचं १२ लाख युनिटचं पेनिसिलिन ऑपरेशननंतर बंद होत नाही. ‘आता झडप नीट झाली’ म्हणून ते थांबवणं ही आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. तापाचा दुसरा हल्ला दुरुस्त झडपही खातो.

आणि हार्ट अटॅकनंतर गळणारी झडप ही तर वेगळीच गोष्ट. तिथे पाकळ्या चांगल्या असतात. भिंत बाहेर गेल्यामुळे खुंट लांब जातात आणि दोऱ्या पाकळ्यांना खाली ओढून धरतात. मूळ आजार कप्प्याचा. लहान मापाची रिंग घालून घेर आवळला तरी कप्पा फुगत राहिला तर झडप पुन्हा गळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५१ पेशंटच्या अमेरिकी अभ्यासात अशा तीव्र गळतीत दुरुस्ती आणि बदल यांची तुलना केली होती. वर्षभराने एलव्हीच्या आकारात दोन्ही गटांत फरक नव्हता, पण मध्यम किंवा जास्त गळती दुरुस्ती केलेल्यांपैकी ३२.६ टक्क्यांना परत आली होती, बदललेल्यांपैकी २.३ टक्क्यांना. म्हणून ‘शेजारच्या काकांची दुरुस्ती झाली, मग आमची झडप का बदलली’ या प्रश्नाचं उत्तर झडपेत नसतं, भिंतीत असतं. बदलतानाही दोऱ्या शक्य तितक्या राखतात. त्या सगळ्या कापल्या तर खालचा कप्पा आणखी गोल होतो आणि ईएफ कायमचा घसरतो.

घरी गेल्यावर कप्प्यांसाठी काय करायचं असतं, तर नव्वद टक्के वेळा गोळ्या न चुकवणं. ईएफ कमी राहिला असेल तर बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याच जातीतलं औषध, कधी स्पायरोनोलॅक्टोन. यांच्यामुळे पेशंटला रोज काही ‘वाटत’ नाही, म्हणून दोन महिन्यांनी बरं वाटू लागलं की तीच पहिली सुटतात. तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, २ ते ३. एएफ असेल तर पुढेही. मेथी, पालक, शेपू, अळू खाऊ नका असं कोणी सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. आठवड्याला जेवढं खाता तेवढंच खात राहा, अचानक वाढवू किंवा सोडू नका. रिंग हे बाहेरून बसवलेलं साहित्य आहे, म्हणून दात काढणं किंवा हिरड्यांचं काम असेल तर त्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अॅलर्जी नसेल तर. आणि अंगात ताप मुरत असेल तर कुठलंही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर.

क्वचित दिसणारी पण चुकवू नये अशी एक खूण: लघवी चहासारखी काळपट, हिमोग्लोबिन घसरतंय, आणि इकोत गळती तर अगदी बारीक. बारीक झोत नेमका रिंगेवर आपटत असला की रक्तपेशी फुटतात. गळतीचा ‘ग्रेड’ कमी म्हणून हे सोडून देऊ नये. एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक, तपासावं आणि झोताची दिशा टीईईवर बघावी.

इकोचा क्रम साधारण असा ठेवतो: डिस्चार्जच्या वेळी, मग सहा आठवडे ते तीन महिन्यांत, मग एक वर्षाने, आणि सगळं ठीक असेल तर दर दोन-तीन वर्षांनी. कप्प्यांची खरी तुलना डिस्चार्जच्या नव्हे, तीन महिन्यांच्या इकोशी करावी. डिस्चार्जच्या वेळी हिमोग्लोबिन कमी असतं, ठोके ९५-१०० असतात, छातीत पाणी असतं, स्नायूही पंपाच्या थांब्यातून पुरते जागे झालेले नसतात.

वर्षाच्या इकोत मात्र एक गोष्ट आम्ही मुद्दाम शोधतो, आणि ती कप्पा चांगला आवरल्यामुळेच उद्भवते. गोरटेक्सच्या दोऱ्यांची लांबी ऑपरेशनच्या दिवशीच्या मोठ्या एलव्हीला मोजून ठरवलेली असते. वर्षभरात एलव्ही लहान होते, खुंट झडपेच्या जवळ येतात, आणि दोरी तेवढीच राहते. ती आता किंचित लांब पडते. पाकळीची कड एक-दोन मिमी वर उचलली जाते, आधी मध्यभागी टेकणाऱ्या पाकळ्यांमधून तिरका बारीक झोत दिसू लागतो. अनुभवी सर्जन दोरी बांधताना हा हिशेब धरून ती थोडी आखूडच ठेवतात. तरी दिसलाच असा झोत, तर त्याच दिवशी काही करायचं नसतं. पाकळ्या किती उंचीवर टेकतात ते मोजायचं, झोत कुठून निघून कोणत्या भिंतीकडे जातो ते लिहायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. हे बघायला मागच्या रिपोर्टातले शब्द पुरत नाहीत, मागची हलती चित्रं लागतात. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी टीईई आणि इकोची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, रिंगेचं माप आणि कंपनी लिहिलेलं कार्ड त्याच पाकिटात ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक इकोला ते पाकीट बरोबर आणा.